घरातील वर्कशॉपसाठी वेल्डिंग मशीन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुळे सोलापुरात घराच्या गॅरेजमध्ये ग्रिल, टेबल आणि फाटकाची दुरुस्ती करायची आहे. वीज सिंगल फेज आहे. दुकानदार 400 अँपिअरचे मशीन सुचवतात. ते घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. आधी पत्रा आणि घरची वायरिंग पाहावी, मग मशीनवरचा आकडा. तुमचे बहुतेक काम दीड ते तीन मिलिमीटर जाडीचे असणार आणि त्यासाठी 2.5 मिलिमीटरचा 6013 रॉड (साध्या लोखंडासाठीचा नेहमीचा वेल्डिंग रॉड) 70 ते 90 अँपिअरवर पुरतो. त्या वेळी इन्व्हर्टर मशीन, म्हणजे हलके इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीन, घरच्या लाइनमधून साधारण 14-15 अँपिअर ओढते, म्हणजे 16 अँपिअरचा सॉकेट जेमतेम टिकतो. 3.15 मिलिमीटरच्या रॉडला मात्र लाइनमधून ओढला जाणारा प्रवाह 20 अँपिअरपुढे जातो, म्हणून मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग करून घ्यावे. 200 अँपिअरचे सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन तुम्हाला पुरून उरेल. जुने तांब्याचे ट्रान्सफॉर्मर मशीन दणकट खरे, पण ते बहुधा दोन फेज मागते आणि हलवायला दोन माणसे लागतात.

प्रश्न : मे महिन्यात माझे मशीन दहा-पंधरा रॉडनंतर बंद पडते. ते सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. मशीनवर 60 टक्के ड्यूटी सायकल लिहिलेली असते, तिचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. आणि हे माप सहसा 40 अंश तापमान धरून दिलेले असते. आपल्याकडे पारा त्याही वर जातो आणि पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नये. पंखा चालू ठेवून थांबावे, आतली धूळ उडवावी आणि काम सकाळी उरकावे.

प्रश्न : मिग मशीन घ्यावे का?

उत्तर : मिग म्हणजे गॅसच्या आवरणाखाली तार वितळवून जोडणारे मशीन. गाडीच्या बॉडीचा पातळ पत्रा जोडायचा असेल तरच घ्यावे. उघड्या अंगणात वारा हा गॅस उडवतो आणि जोडाला छिद्रे पडतात.

प्रश्न : जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप वेल्ड केल्यावर रात्री थंडी वाजून ताप आला.

उत्तर : तो जस्ताच्या धुराचा ताप असू शकतो, श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांकडे जावे. पुढच्या वेळी जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढावा, घासताना मास्क लावावा आणि वेल्डिंग उघड्यावर, धुराच्या बाजूला तोंड न करता करावे.