हिमनदीखाली तयार झालेल्या ज्वालामुखींचा माथा सपाट का असतो?

कारण लाव्हा आधी बर्फाखाली वितळलेल्या पाण्यातच बाहेर येतो. तळाला दाब जास्त असतो त्यामुळे तिथे गोल उशांसारखे लाव्हाचे गोळे साचतात, वर दाब कमी झाला की स्फोट होऊन काचेसारखा चुरा होतो, आणि आजूबाजूला बर्फाच्या भिंती असल्याने हा सगळा माल पसरत नाही, उभाच रचला जातो. मग डोंगर पाण्याच्या वर आला की लाव्हा नॉर्मल वाहतो आणि वर सपाट झाकण बसतं. आइसलँडचा हेर्दुब्रेद (१६८२ मीटर) बघा, एकदम क्लासिक. भारी गोष्ट म्हणजे त्या झाकणाच्या उंचीवरून तेव्हा बर्फ किती जाड होता याचा अंदाज लागतो. बाकी सगळेच सपाट नसतात हां, डोंगर पाण्याच्या वर आलाच नाही तर नुसती लांबट डोंगररांग राहते, १९९६ मध्ये आइसलँडच्याच वात्नायोकुल हिमनदीखाली झाली तशी.