वाचकांचे प्रश्न: परसातलं मासळीचं तळं

प्रश्न: घरामागं दहा बाय दहा मीटर जागा मोकळी आहे. वर काळी माती, खाली मुरूम. जेसीबीनं तळं खोदून रोहू-कटला सोडायचा विचार आहे. पन्नी लागेलच का? मासे किती मावतील? (औसा, जि. लातूर)

उत्तर: पन्नी लागेलच. काळी माती ओली आहे तोवर पाणी धरते, सुकली की भेगाळते आणि खालचा मुरूम पाणी पिऊन टाकतो. काठ उभे खोदू नका, पावसात ढासळतात. खोली 2 मीटर धरून उतार 1:1.5 (एक मीटर खोलीला दीड मीटर आडवं) ठेवा, म्हणजे तळाला 4 बाय 4 मीटर उरतं. पन्नीचं माप असं काढा: तळ 4 मीटर, दोन्ही उतार 3.6 मीटर प्रत्येकी, काठावरच्या चरात गाडायला दोन्हीकडं एकेक मीटर. एकूण 13.2. साडेतेरा बाय साडेतेराची, 500 मायक्रॉनची घ्या.

अंथरायच्या आधी धसकटं, मुळ्या, टोकदार खडे हातानं वेचून काढा आणि वर बारीक मातीचा दोन बोटं थर द्या. पन्नी ताणून बसवू नका. ढिली नसली तर पाण्याचं वजन आल्यावर कोपऱ्यात आणि जोडावर फाटते.

वर 30 सेंटीमीटर रिकामं सोडलं तर साधारण 76 हजार लिटर पाणी बसेल. पाण्याच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला एक या हिशेबानं 80 बोटुकल्या (बोटभर लांब पिल्लं) पुरे: 32 कटला, 24 रोहू, 24 मृगळ. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. बोटुकल्यांची पिशवी 15-20 मिनिटं तळ्यात तरंगत ठेवून मगच सोडा.

पण हिशेब भरलेल्या तळ्यावर करू नका, उन्हाळ्यातल्या पाण्यावर करा. आपल्याकडं नोव्हेंबर ते मे नुसत्या उन्हानं सव्वा मीटरच्या आसपास पाणी उडतं. भर घालायची सोय नसेल तर मेमध्ये अर्धा मीटरही उरणार नाही आणि तेवढ्या तापलेल्या पाण्यात मोठे मासे टिकत नाहीत. ऑगस्टमध्ये बोटुकल्या सोडा, फेब्रुवारीपासून मोठे काढत चला, मार्चअखेर तळं हलकं करा.

आणि पन्नी शेवाळल्यावर फार निसरडी होते. पडलेलं मूल किंवा वासरू स्वतः वर येऊ शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर तळापर्यंत सोडा, कुंपण घाला. हे काम पाणी भरायच्या आधी करा.

प्रश्न: पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. पाणी हिरवंगार आहे. (गेवराई, जि. बीड)

उत्तर: पाण्यातला प्राणवायू संपत आलाय. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री तेच ओढून घेतं, म्हणून त्रास पहाटे दिसतो. आभाळ भरलेलं असलं की जास्तच. आज खाद्य बंद, शेण बंद. मोटरीनं तळ्यातलंच पाणी उचलून फवाऱ्यासारखं परत पाडा. मग चौथाई पाणी भाजीपाल्याला देऊन ताजं भरा. बोअरचं असेल तर उंचावरून सोडा, त्यात प्राणवायू कमी असतो.

पुढं रोज हात बुडवून बघा. कोपरापर्यंत जाता जाता तळवा दिसेनासा झाला तर पाणी बरोबर, मनगटालाच दिसेनासा झाला तर फार हिरवं. बहुतेक वेळा दोष जास्तीच्या खाद्याचा असतो. भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समान घ्या. 100 ग्रॅमचे 80 मासे म्हणजे 8 किलो, त्याला 3 टक्क्यांनी रोज 240 ग्रॅम. भिजवून गोळा टोपलीत ठेवून पाण्यात सोडा. दोन तासांनी उरलं तर उद्या कमी घाला.

प्रश्न: तळ्याशेजारी कापूस आहे. फवारणीनं काही होतं का? (मानवत, जि. परभणी)

उत्तर: होतं. सायपरमेथ्रिनसारखी औषधं अगदी थोड्या मात्रेत मासे मारतात. वारा तळ्याकडं असताना फवारू नका, पंप काठावर धुऊ नका. शेताचं पाणी आत येऊ नये म्हणून काठाला फूटभर उंच बांध घाला.

प्रश्न: मुलांना गळानं मासे धरायचे आहेत. (भोकरदन, जि. जालना)

उत्तर: रोहू आणि मृगळ कणीक-पेंडीच्या गोळीला लागतात. त्या सकाळी खाद्य घालू नका. उन्हाळ्याच्या दुपारी धरलेला मासा परत सोडू नका, तो बहुधा मरतो. घरी न्या.