कोठाराची तुळई कापली गेली, आता कौन्सिलचं पत्र आलंय

प्रश्न थोडक्यात असा. या वाचकांनी तीन वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एक जुनं फार्महाउस विकत घेतलं. घर ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे संरक्षित जुन्या इमारतींच्या सरकारी यादीत आहे, नोंद 1986 ची. अंगणापलीकडे दगडी भिंतींचं, ओकच्या लाकडी कैच्यांचं (कैची म्हणजे छपराचा भार पेलणारी त्रिकोणी चौकट) मळणीचं कोठार आहे, म्हणजे तिथला बार्न. आईवडील आले की त्यांना राहायला तिथे एक खोली, न्हाणीघर आणि छोटं स्वयंपाकघर करायचं होतं. बिल्डर म्हणाला, नोंदीत कोठाराचं नाव नाही, आणि शेतीच्या इमारतीचं घर करायला 'क्लास क्यू' नावाच्या सवलतीखाली प्लॅनिंग परमिशन लागत नाही. काम सुरू झालं. माळा घालताना डोकं आपटतं म्हणून एका कैचीची आडवी तुळई कापली. कुणीतरी कौन्सिलला कळवलं. दहा दिवसांनी कॉन्झर्व्हेशन ऑफिसर, म्हणजे जुन्या इमारतींच्या जतनाचं काम बघणारे कौन्सिलचे अधिकारी, पाहणीला येणार आहेत. वाचक विचारतात, "ते येण्याआधी तुळई परत जोडून घेऊ का? की प्लॅनिंग परमिशनचा अर्ज टाकून मोकळे होऊ?"

नमस्कार.

दोन्ही करू नका. काम आज थांबवा, आणि बिल्डरला तसं लेखी कळवा. एकच गोष्ट मात्र लगेच करायला हवी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुळई मधोमध कापलेली दिसते. ही तुळई छपराचे दोन्ही पाय एकत्र बांधून ठेवते. ती तुटली की छपराचा भार भिंतींना बाहेर ढकलू लागतो. स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा, तोही जुन्या लाकडी इमारतींचं काम केलेला, आणि तो सांगेल तिथे तात्पुरते टेकू लावून घ्या. सुरक्षिततेसाठी तातडीने करावंच लागलेलं काम कायद्याला मान्य आहे. अट अशी की तात्पुरत्या आधाराने भागत असेल तर तेवढंच करायचं, गरजेपेक्षा जास्त काही करायचं नाही, आणि शक्य तितक्या लवकर कौन्सिलला कारणासह लेखी कळवायचं. टेकू लावाल त्याच दिवशी ईमेल करा, फोटो जोडा.

तुळई जोडायची घाई का नको, ते सांगते. कोठार संरक्षित ठरलं, तर कापणं हा जसा फेरफार, तसंच नवे बोल्ट आणि लोखंडी पट्ट्या ठोकून जोडणं हाही फेरफार. एका विनापरवानगी कामाची दोन होतील. शिवाय अधिकारी येण्याच्या आदल्या आठवड्यात केलेली डागडुजी कुणालाही झाकपाकच वाटेल, तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी.

आता मूळ मुद्दा. यादीतल्या नोंदीत कोठाराचं नाव नाही म्हणून ते सुटलं, हे बिल्डरचं म्हणणं चूक आहे. 1990 चा लिस्टेड बिल्डिंग्जचा कायदा म्हणतो की यादीतल्या इमारतीच्या कर्टिलेजमध्ये, म्हणजे तिच्याशी जोडलेल्या आवारात, 1 जुलै 1948 च्या आधीपासून उभी असलेली आणि जमिनीचाच भाग असलेली बांधकामं त्या इमारतीचाच भाग मानली जातील. 1980 च्या दशकातल्या नोंदी इमारत ओळखता यावी एवढ्यापुरत्या, चार-सहा ओळींच्या लिहिलेल्या असत. त्यात कोठाराचा उल्लेख नाही यावरून कोठार वगळलं असा अर्थ निघत नाही. अमुक बांधकाम संरक्षणातून वगळलं आहे असं नोंदीतच स्पष्ट लिहिण्याची सोय 2013 पासून आली. तुमची नोंद त्याच्या कितीतरी आधीची.

पण कोठार कर्टिलेजमध्ये आहेच, असंही मी इथे बसून म्हणणार नाही. हाच तुमच्या प्रकरणातला खरा वादाचा मुद्दा आहे. 1983 च्या कॅल्डरडेल खटल्यापासून कोर्टं तीन गोष्टी बघत आली आहेत: दोन्ही इमारतींची जागेवरची मांडणी, मालकी आधी कुणाची होती आणि आता कुणाची आहे, आणि वापर आधी काय होता आणि आता काय आहे. त्यात शेतीच्या इमारतींची गोष्ट थोडी वेगळी. राहतं घर आणि चालती शेती यांना एकच मालक असला, तरी कोठार हे घराच्या सोयीसाठी नसून शेतीच्या धंद्यासाठी होतं असं म्हणता येतं. 2008 मध्ये टॉन्टन डीन कौन्सिलच्या खटल्यात हाय कोर्टाने असंच एक कोठार लिस्टेड फार्महाउसच्या कर्टिलेजबाहेरचं धरलं. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेचं मार्गदर्शनही साधारण याच वळणाचं आहे: नोंद झाली त्या काळात तिथे खरीखुरी शेती चालू होती का, हे बघा.

तुम्ही लिहिलंय की आधीचे मालक 1990 च्या दशकापर्यंत तिथे गुरं ठेवत आणि कोठारात गवत भरत. हे तुमच्या बाजूचं आहे. 1986 मध्ये तिथे शेती चालू होती हे दाखवणारे कागद शोधा: जुनी विक्रीपत्रकं, विमानातून काढलेले फोटो, ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे, आजूबाजूच्या जुन्या रहिवाशांची सहीनिशी निवेदनं. काउंटी रेकॉर्ड ऑफिसात 1836 च्या कायद्यानंतर काढलेले टाइथ नकाशेही (चर्चला द्यायच्या दशमांशासाठी केलेले) मिळतात. त्यांवरून निदान कोठाराचं वय आणि अंगणाची हद्द कळेल.

मात्र इथे एक खाच आहे आणि अनेकजण तिच्यात अडकतात. कोठार घराच्या आवाराबाहेरचं, निव्वळ शेतीचं होतं असं म्हणून लिस्टिंगमधून सुटलात, तर आईवडिलांची खोली ही घराचीच वाढीव सोय आहे हे म्हणणं अवघड होतं. शेतीच्या इमारतीचं राहतं घर करणं हा वापरातला बदल, त्याला प्लॅनिंग परमिशन हवी. उलट ते घराच्याच आवारातलं आहे असं म्हटलंत, तर घरच्या माणसांच्या राहण्यासाठी ते वापरायला कदाचित वेगळी प्लॅनिंग परमिशन लागणार नाही, पण मग ते लिस्टेड ठरण्याची शक्यता वाढते. लिस्टिंगसाठी प्रामुख्याने 1986 ची परिस्थिती बघतात आणि वापरासाठी आजची, त्यामुळे दोन्ही म्हणणी एकमेकांना छेदतीलच असं नाही. पण एका अर्जात एक आणि दुसऱ्या पत्रात उलट लिहिलंत, तर पुढे तुमच्या कुठल्याच शब्दाला वजन राहणार नाही. म्हणून पाहणीच्या दिवशी "हे तर आमच्या घराचंच आहे" किंवा "याचा घराशी काही संबंध नाही" असं काहीही सहज बोलून जाऊ नका.

क्लास क्यूचं उत्तर सोपं आहे. लिस्टेड इमारतीला तो लागूच होत नाही, आणि कर्टिलेजमुळे लिस्टेड ठरलेलं कोठारही त्यात आलं. कोठार लिस्टेड नसेल, तरी काम सुरू करण्याआधी कौन्सिलकडे प्रायर अप्रूव्हलचा, म्हणजे पूर्वमंजुरीचा, अर्ज करावा लागतो, कोठार रीतसर शेतीच्या युनिटचा भाग असावं किंवा पूर्वी तरी असलेलं असावं लागतं, आणि कॉन्झर्व्हेशन एरिया किंवा नॅशनल पार्कमध्ये ही सवलत मिळत नाही. तुम्ही असा अर्ज केलेला नाही आणि काम तर सुरूही झालंय. क्लास क्यू डोक्यातून काढून टाका.

आता जे ऐकायला जड जाईल ते. कोठार लिस्टेड ठरलं, तर लिस्टेड बिल्डिंग कन्सेन्टशिवाय (ही प्लॅनिंग परमिशनहून वेगळी, लिस्टेड इमारतीतल्या फेरफारासाठीची परवानगी) त्याच्या स्वरूपावर परिणाम करणारा फेरफार करणं हा फौजदारी गुन्हा आहे. "लिस्टेड आहे हे ठाऊक नव्हतं" हा बचाव नाही. ज्याने हत्यार चालवलं तोही जबाबदार, ज्याने काम करवून घेतलं तोही. क्राउन कोर्टात 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि दंडाला वरची मर्यादा नाही. दंड ठरवताना त्या कामातून झालेला आर्थिक फायदाही बघतात. शिवाय कौन्सिल एन्फोर्समेंट नोटीस काढून पूर्ववत करायला लावू शकते. प्लॅनिंगच्या उल्लंघनाला जशी वर्षांची मुदत असते तशी इथे नाही, आणि घर विकलंत तर नोटीस नव्या मालकाच्या गळ्यात पडते. झालेलं काम तसंच ठेवण्यासाठी नंतर कन्सेन्ट मिळू शकतो, पण तो मिळाल्या दिवसापासूनच लागू होतो. आधी घडलेला गुन्हा त्याने पुसला जात नाही.

हे घाबरवायला लिहीत नाही. प्लॅनिंग परमिशन आणि लिस्टेड बिल्डिंग कन्सेन्ट यांत फरक काय, हे तुम्हाला कुणीच सांगितलेलं दिसत नाही, म्हणून इतकं स्पष्ट लिहिलं. मालकाने स्वतःहून काम थांबवलं, छप्पर सावरलं आणि दुरुस्तीचा नीट प्रस्ताव दिला, तर कौन्सिलला खटला भरण्याची गरज वाटण्याची शक्यता बरीच कमी होते.

पाहणीला आडकाठी करू नका. अधिकाऱ्यांना कायद्याने आत येण्याचा हक्क आहे. सौजन्याने दाखवा. काय केलं हे विचारलं तर जे समोर दिसतंय ते नाकारू नका. पण कुणी सांगितलं, कधी ठरलं, किती पैसे दिले, यांवर जागीच उत्तरं देऊ नका. वकिलामार्फत लेखी देऊ, एवढंच म्हणा. 'इंटरव्ह्यू अंडर कॉशन' (उत्तरं पुरावा म्हणून वापरता येतील अशी औपचारिक चौकशी) असे शब्द पत्रात आले, तर वकिलाशिवाय एक वाक्यही नाही. आणि बिल्डरला वेगळा वकील घेऊ द्या. उद्या तुमचे आणि त्याचे हितसंबंध एक राहणार नाहीत.

तुमचा तिसरा फोटो मी मोठा करून पाहिला. कापलेल्या जागेपासून वीतभर अंतरावर लाकडात चार उभ्या रेघा कोरलेल्या आहेत. सुतारांनी कैची जमिनीवर जुळवली, खुणा घातल्या, सुटी केली आणि वर चढवताना त्याच खुणांनी पुन्हा जोडली. हे रोमन आकडे असतात, शेजारच्या कैच्यांवर तीन रेघा आणि पाचाची V अशी खूण आहे का, शोधून बघा. ही खूण शाबूत आहे हे फार बरं झालं. कापून काढलेला तुकडा बिल्डरने सरपणाच्या ढिगात टाकलाय असं तुम्ही लिहिलंत. तो आजच उचलून कोरड्या जागी ठेवा. मूळ लाकूड हाताशी असेल तर कसबी सुतार तिरक्या सांध्याने ते पुन्हा बसवू शकतो, आणि तशा दुरुस्तीला कन्सेन्ट मिळणं नव्या तुळईपेक्षा कितीतरी सोपं.

आईवडिलांच्या खोलीची आशा सोडू नका. मळणीच्या कोठाराचा जीव मधल्या खणात असतो. समोरासमोर दोन उंच दारं, मध्ये खळं, एका दारातून वारं आत यायचं आणि दुसऱ्यातून भूस बाहेर जायचं. तो खण जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळा ठेवलात आणि खोली टोकाच्या खणात, जुन्या लाकडाला न टेकता स्वतःच्या पायावर उभी केलीत, तर बोलणी जमू शकतात. माळा मात्र विसरा. छपरात खिडक्यांची रांगही नको, उजेड मोठ्या दारांमागच्या काचेतून घ्या. लिस्टेड बिल्डिंग कन्सेन्टच्या अर्जाला इंग्लंडमध्ये फी नाही. खर्च होईल तो जुन्या इमारतींच्या आर्किटेक्टवर, आणि त्यात काटकसर करू नका. वटवाघळांची पाहणीही करून घ्या. सगळ्या जाती संरक्षित आहेत आणि संध्याकाळी बाहेर पडताना त्यांची मोजणी साधारण मे ते सप्टेंबरमध्येच होते. तो हंगाम चुकला तर अर्ज पुढच्या हंगामापर्यंत लांबू शकतो.

पाहणीच्या आधी मला तीन गोष्टी पाठवा: घर खरेदीच्या वेळी तुमच्या सॉलिसिटरने दिलेला रिपोर्ट, लँड रजिस्ट्रीचा नकाशा आणि बिल्डरशी झालेले सगळे मेसेज. 'क्लास क्यू' हा सल्ला त्याने लेखी दिला असेल, तर तो मेसेज पुसू नका.