लुअर कोर्सिंग म्हणजे कुत्र्यांची शर्यतच ना? आमच्या चौदा महिन्यांच्या व्हिपेटला पळवलं तर इजा होईल का?

शर्यत नाही. आधी पोचली ती जिंकली, असा हिशेब इथे नसतो. कॅलिफोर्नियात पाच वर्षं मी माझ्या चिंगीला मैदानावर नेतोय, ती व्हिपेटच आहे, म्हणजे सडपातळ, वेगवान जातीची कुत्री.

मैदानात कप्प्या ठोकून त्यांतून बारीक दोरी फिरवतात, दोरीला पांढरी प्लास्टिकची पिशवी. मोटर दोरी ओढते आणि पिशवी सशासारखी वळणं घेत जमिनीलगत सुसाट सुटते, साधारण ६०० ते १००० यार्ड. बहुधा तीन कुत्रे एकदम सोडतात. पिवळं, गुलाबी, निळं जाकीट, म्हणजे परीक्षकाला लांबून ओळखू येतात. वेगाला गुण आहेतच. पण वळणावरची चपळाई, शेवटपर्यंत टिकणारा दम, आणि पिशवीचाच पिच्छा पुरवते की मधेच दुसऱ्या कुत्र्याच्या नादी लागते, यालाही गुण असतात.

हा खेळ इथलाच. लाइल गिलेट आणि त्यांचे सोबती आधी खऱ्या सशांमागे साइटहाउंड, म्हणजे नजरेने हेरून पाठलाग करणारे शिकारी कुत्रे, सोडायचे. काटेरी तारांत कुत्रे जायबंदी व्हायचे, म्हणून पिशवी आली. १९७२ मध्ये अमेरिकन साइटहाउंड फील्ड असोसिएशन स्थापन झाली.

इजा होऊ शकते, खोटं सांगणार नाही. पहिल्याच वर्षी चिंगीच्या मागच्या पायाला पळती दोरी घासली. केसांसकट कातडी गेली, भाजल्यासारखा लाल चट्टा. तीन आठवडे घरात बसवली. तेव्हापासून दोरी पूर्ण थांबेपर्यंत तिला पकडायलाही मी पुढे जात नाही. दुसरी भीती उन्हाची. जीभ टोकाला पसरट होऊन बाहेर लोंबायला लागली की त्या दिवशी पुढची फेरी नाही. पोट आणि जांघा ओल्या करायच्या, सावलीत हळूहळू चालवायचं, पाणी थोडं थोडं द्यायचं.

बारा महिने पूर्ण झालेत, म्हणजे नियमात तुमची बसते. तरी मी लगेच स्पर्धेत उतरवणार नाही. सरावाच्या दिवशी न्या, एकटीलाच सोडा, सरळ आणि छोटी फेरी द्या. आदल्या दिवशी नखं कापा. सोडण्याआधी तिला गुडघ्यांत धरून उभे राहा. पिशवी हलली की तिचं अख्खं अंग थरथरतं, छातीची धडधड आपल्या पायाला लागते. ‘टॅली-हो’ ही कुत्रे सोडण्याची हाळी ऐकू येईपर्यंत मात्र पट्टा सोडायचा नाही. तोवर ती कितीही किंचाळली तरी.