आत्याबाईंसाठी जागा बघताना

ताई, वडोदऱ्यात आत्याबाईंसाठी देखभालीची जागा शोधताय, तर दरपत्रक जरा बाजूला ठेवा. दांडिया बाजारात उभा जन्म गेलेल्या बाईशी रोज मराठीत बोलणारं कुणी तिथे आहे का, ते आधी पाहा. गुजराती त्यांना येतंच, पण विस्मरण वाढलं की माणूस मायबोलीकडेच वळतो. भेट रात्री आठनंतर द्या. रात्रपाळीला किती आया आणि किती जणांमागे, ते स्वतः मोजा. जागा विश्वामित्री नदीजवळ असेल, तर ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं हे शेजाऱ्यांना विचाराच.

महिन्याच्या रकमेत डायपर, फिजिओथेरपी, इस्पितळात सोबतीला माणूस हे धरलंय का, लेखी घ्या. अंथरुणाला खिळल्यावर दर किती वाढतो, अनामत परत कधी मिळते, तेही. आयुष्मान कार्ड सत्तरीनंतर जरूर काढा. ते वर्षाला ५ लाखांपर्यंत इस्पितळात दाखल झाल्याचा खर्च देतं, निवासाचा नाही. हातात रक्कम असेल, तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येते, व्याज दर तिमाहीला मिळतं.

आत्याबाईंचं घर मात्र घाईने कुणाच्या नावावर करू देऊ नका, माझी कळकळीची विनंती आहे. करायचंच झालं तर बक्षीसपत्रात सांभाळाची अट लिहा. अट मोडली, तर आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळाच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं.

पहिला करार महिन्याभराचाच करा. पुढचं आत्याबाईंना विचारून.