शंका आली म्हणून बायबल मिटू नका

भाऊ, शंका येते म्हणजे विश्वास संपला असं नाही. मार्कच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) ९व्या अध्यायातला बाप आजारी मुलासाठी येशूकडे येतो आणि सगळ्या गर्दीत ओरडतो, की विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासाला मदत करा. येशू त्याला परत पाठवत नाही. मुलगा बरा होतो.

सध्या एवढंच करा:

- उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून ओळीने वाचू नका. बरेच जण लेवीय या पुस्तकातल्या अर्पणांच्या नियमांत अडकतात आणि सोडून देतात. मार्क घ्या. १६ अध्याय आहेत, रोज अर्धा वाचला तर महिन्याभरात होतो.
- शंका वहीत लिहा, एका वेळी एकच, वचनाच्या आकड्यासह. ‘देव आहे का?’ याला उपासना सुटल्यावर दारात उत्तर मिळत नाही. ‘वेचणीला आलेला कापूस पावसात गेला, मग ‘देव पाखरांनाही खाऊ घालतो’ हे मत्तय ६:२६ कसं समजायचं?’ यावर पाळकांशी तासभर बोलता येतं. मधल्या वारची संध्याकाळ मागून घ्या.
- प्रार्थना सुचेना तर स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. सहाच वचनं, आणि पहिल्या दोनमध्ये ‘कोठवर’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

रात्री एकट्याने मोबाइलवर वादविवादाचे व्हिडिओ बघत बसणं ही नेहमीची चूक. भुसावळला रेल्वेच्या शिफ्टमुळे रविवार चुकत असेल, तर दोघं-तिघं मिळून गुरुवारी वाचा. उत्क्रांती, जुनी हस्तलिखितं हे विषय मार्क संपल्यावर.