माओ नेमकं काय म्हणाला होता? जपानी खंड उघडा

तुमच्या लेखातलं माओचं अवतरण जपानी संग्रहाशी ताडून पाहा, असं मी सुचवलं; त्यावरचा तुमचा प्रश्न दोन पदरी आहे. माओ चीनचा, कागदपत्रं चीनमधली, मग जपानी अभ्यासक कशाला वाचायचे? आणि ज्या देशाने चीनवर आक्रमण केलं, त्याच्या अभ्यासावर भरवसा ठेवायचा का?

दुसरी शंका रास्त आहे. १९३७ साली एका जपानी सरकारी साप्ताहिकात माओ म्हणून कुणा भलत्याच लठ्ठ माणसाचा फोटो छापला गेला. पण या चुकीचा माग काढून तिच्यावर सविस्तर लिहिलं तेही जपानी अभ्यासकानेच, क्योतोच्या इशिकावा योशिहिरो यांनी.

आता पहिला प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. आपण मराठीत माओची जी अवतरणं देतो, ती बहुतेक बीजिंगच्या अधिकृत 'निवडक लेखना'वरून, इंग्रजीमार्गे आलेली असतात. त्याचा पहिला खंड आला १९५१ मध्ये, सत्ता हाती आल्यावर. त्यात जुने लेख दुरुस्त करून घेतले आहेत. काही ठिकाणी भाषेवर हात फिरवलाय, काही ठिकाणी विचारच बदललाय.

एकच नमुना देतो. १९२७ चा हुनान प्रांतातल्या शेतकरी चळवळीवरचा माओचा अहवाल. मूळ मजकुरात माओने हिशेबच मांडला होता: लोकशाही क्रांतीच्या कामगिरीला दहा गुण धरले, तर शहरवासी आणि सैन्य मिळून तीन, उरलेले सात शेतकऱ्यांचे. १९५१ च्या आवृत्तीत हे वाक्य नाही. कामगारवर्गाच्या नेतृत्वाखालचा पक्ष म्हणून राज्य करताना ते अडचणीचं ठरलं असणार, असं मला वाटतं. १९३८ च्या भाषणातला 'मार्क्सवादाचं चिनीकरण' हा गाजलेला शब्दप्रयोगही असाच बदलला. त्या जागी 'मार्क्सवाद चीनमध्ये मूर्त रूपात आणणं' अशा अर्थाचे शब्द आले.

हे फरक ओळीओळीने समोर ठेवले ते 'मो ताकुतो शू' या संग्रहाने. (माओ त्सेतुंग या अक्षरांचा जपानी उच्चार मो ताकुतो.) ताकेउची मिनोरु यांच्या देखरेखीखाली १९७० ते ७२ या काळात तोक्योत दहा खंड निघाले. मजकूर चिनीतच, मिळेल तितका जुना, आणि निवडक लेखनात कुठे काय वगळलं, काय बदललं याच्या नोंदी सोबत. चीनमध्ये तेव्हा सांस्कृतिक क्रांती, म्हणजे माओनेच छेडलेली विरोधी विचार निपटून काढण्याची मोहीम, चालू होती. तिथे हे काम होणं शक्यच नव्हतं. ताकेउचींचा जन्म १९२३ चा, शांतुंग प्रांतातला, म्हणजे चीन त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. १९६० मध्ये जपानी लेखकांच्या शिष्टमंडळाबरोबर ते माओला भेटलेही होते. तरी मजकुराशी त्यांनी तडजोड केली नाही, आणि याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. पुढे १९८३ पासून पुरवणी खंडही आले.

नावात गल्लत होऊ देऊ नका. माओवर १९५१ मध्ये चरित्रात्मक विवेचन लिहिणारे ताकेउची योशिमी वेगळे. त्यांचं लेखन विचार म्हणून वाचावं, पुरावा म्हणून नव्हे.

दहा खंडांची सुरुवात होते १९१७ च्या व्यायामावरच्या लेखाने. त्यावर लेखकाचं नाव आहे 'अठ्ठावीस रेघांचा विद्यार्थी'. 毛澤東 ही तीन अक्षरं जुन्या लिपीत लिहायला चार, सोळा आणि आठ रेघा लागतात. तेवीस वर्षांचा पोरगा आपलं नाव रेघांमध्ये लपवतोय! पुढचा माओ कितीही नावडता असला, तरी हे पान पाहताना मी दर वेळी थबकतो.

मात्र हे खंड संपूर्ण समजू नका. तरुणपणीचं बरंच लेखन चीनमध्ये १९९० ला छापलं गेलं, त्या काळासाठी ते जोडीला घ्या. चिनी येत नसेल तर माओचे अभ्यासक स्टुअर्ट श्राम यांच्या संपादनाखालचे इंग्रजी खंड पाहा. जपानी संग्रहाचा त्यांना मोठा आधार आहे आणि पाठभेदही त्यांनी दाखवले आहेत. तुमच्या लेखात हुनान अहवालातला जो उतारा आहे, तो आधी तिथे ताडून बघा. आजूबाजूला दहा गुणांचं वाक्य दिसलं, तर उतारा कुठल्या आवृत्तीतून घेतला ते वर्षासकट लिहा.